आरोग्याचा कायदा कोणाच्या हातात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आरोग्यविषयक कायद्यांसंबंधी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. बहुतेकांनी ‘याबाबत कायदा आहे का?’ असेच विचारले आहे. कायदा बहुधा असतोच; तो कोणत्या सभागृहाने, कोणत्या अधिकाराखाली आणि नेमक्या कोणत्या शब्दांत केला आहे, यावर पुढचे सगळे अडते किंवा सुटते.

‘पत्नीच्या शस्त्रक्रियेनंतर खासगी रुग्णालयाने दिलेले बिल आधी सांगितलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक निघाले. खासदारांच्या कार्यालयात “आरोग्य हा राज्याचा विषय आहे” असे सांगितले गेले आणि आमदारांच्या कार्यालयात “त्याला केंद्राचा कायदा आहे” असे उत्तर मिळाले. खरे कोणाचे मानावे?’ — निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

दोन्ही कार्यालयांनी आपल्याला अर्धे खरे सांगितले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कायदे करण्याचे विषय तीन सूच्यांमध्ये वाटून दिलेले आहेत. राज्य सूचीतील सहावी नोंद सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने यांची आहे. त्यामुळे रुग्णालयाची नोंदणी, तपासणी आणि रुग्णाशी त्याने करावयाचा व्यवहार यांबाबत कायदा करणे हे महाराष्ट्र विधिमंडळाचे काम आहे. औषधे व विषे, अन्नभेसळ, वैद्यकीय व्यवसाय, वैद्यकीय शिक्षण, कुटुंबनियोजन आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणाऱ्या साथींना आळा हे विषय मात्र समवर्ती सूचीत आहेत. तेथे संसद आणि विधिमंडळ दोघांनाही कायदा करता येतो, आणि दोहोंत विसंगती आल्यास अनुच्छेद २५४ प्रमाणे सर्वसाधारणपणे संसदेचा कायदा टिकतो. आपल्या हातातील बिलात खाटेचे भाडे राज्याच्या कक्षेत, औषधाची किंमत केंद्राच्या कक्षेत आणि डॉक्टरांची व्यावसायिक वर्तणूक दोघांच्याही कक्षेत येते. एका कागदावर इतकी सरकारे सहसा एकत्र येत नाहीत!

याचे ठळक उदाहरण हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी बसवण्याच्या स्टेंटचे, म्हणजे जाळीदार नळीचे, आहे. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली आणि औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. हे केंद्राच्या जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खालील औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ मुळे शक्य झाले. तो स्टेंट बसवणाऱ्याचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार आणि खोलीचे भाडे यांना तो आदेश लागू होत नाही, कारण या गोष्टी ‘वस्तू’ नाहीत.

केंद्राचा म्हणून ज्या कायद्याचा उल्लेख झाला, तो २०१० चा वैद्यकीय आस्थापना नोंदणी व नियमन अधिनियम असावा. रुग्णालये हा राज्याचा विषय असल्याने संसदेने हा कायदा अनुच्छेद २५२ च्या वाटेने केला. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी तसा ठराव केल्यास संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. इतर राज्यांनी तो स्वीकारायचा की नाही, हे त्यांच्यावर राहते. पंचगंगेच्या प्रदूषणाच्या निमित्ताने आपण ज्याचे नाव सतत ऐकतो, तो १९७४ चा जल अधिनियमही याच वाटेने झाला. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यासाठी तर गोवा व हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्रानेच ठराव केला होता. २०१० चा कायदा मात्र महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही.

त्यामुळे आपल्याला लागू होतो तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ आणि त्याखालील नियम. जानेवारी २०२१ मध्ये या नियमांत सुधारणा होऊन दरपत्रक दर्शनी भागात लावणे, रुग्णहक्कांची सनद प्रदर्शित करणे आणि तक्रार निवारणाची सोय ठेवणे या गोष्टी बंधनकारक झाल्या. रुग्णालयाने दर लावावेत एवढेच हे नियम सांगतात. दर किती असावेत, ते सांगत नाहीत. कोविडच्या काळात मे २०२० च्या अधिसूचनेने राज्य सरकारने दरही ठरवून दिले होते (साध्या विलगीकरण खाटेला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये) आणि त्यासाठी साथरोग अधिनियम, १८९७ सह अनेक कायद्यांचा एकत्रित आधार घेतला होता. कोविड नसलेल्या रुग्णांच्या दरांवरील नियंत्रण मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द ठरवले, कारण तसा अधिकार त्या कायद्यांमधून निघत नव्हता. साथ ओसरली की तो आधारही गेला. खासगी रुग्णालयांच्या दरांवर कायमची मर्यादा हवी असेल, तर विधिमंडळाला तसे कलम लिहावे लागेल. ते आजवर लिहिले गेलेले नाही आणि त्याचे उत्तर आमदारांकडेच मागायला हवे.

तूर्त आपण सुरुवातीला दिलेल्या अंदाजपत्रकाची प्रत, तपशीलवार बिल आणि दर्शनी भागातील दरपत्रकाचे छायाचित्र जोडून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करावी. शहरातील शुश्रूषागृहांची नोंदणी तेथेच होते. रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल, तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ४१-कक आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना लागू होते. तिच्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. त्याची तक्रार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करायची असते, महापालिकेत नव्हे.

‘गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरीही दरवर्षी “बंदीला एक वर्षाची मुदतवाढ” अशी बातमी येते. एकदाच कायमची बंदी का घालत नाहीत? आमच्याकडे महामार्गावर गुटख्याचा टेम्पो पकडल्याची बातमी नित्याचीच झाली आहे.’ — किराणा दुकानदार, कागल

याचे उत्तर एका कलमातील काही शब्दांत आहे. महाराष्ट्राने गुटख्यावर पहिली बंदी २०१२ मध्ये घातली नव्हती. त्याआधी दहा वर्षे, १ ऑगस्ट २००२ पासून, राज्याच्या अन्न प्रशासनाने पाच वर्षांची बंदी घातली होती. त्यासाठी १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यातील एका तरतुदीचा आधार घेतला होता. ऑगस्ट २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. स्थानिक, तात्पुरत्या आणीबाणीसाठी राज्याच्या अधिकाऱ्याला दिलेला अधिकार वापरून एखादा पदार्थ धोरण म्हणून वर्षानुवर्षे बंद करता येणार नाही. तो निर्णय त्या कायद्याने केंद्राकडे ठेवला आहे, असा त्या निकालाचा आशय होता. गुटखा अपायकारक आहे की नाही, हा तेथे कळीचा प्रश्नच नव्हता. बंदी पडली, ती ज्याने घातली त्याच्याकडे अधिकार नव्हता म्हणून.

पुढे संसदेने अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ केला. त्याच्या कलम ३० मध्ये राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्तांना सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी कोणत्याही अन्नपदार्थाचे उत्पादन, साठवण, वितरण किंवा विक्री राज्यभर किंवा राज्याच्या एखाद्या भागात बंद करण्याचा स्पष्ट अधिकार दिला. मात्र ही बंदी ‘एक वर्षाहून अधिक नाही’ इतक्याच मुदतीची असू शकते. शिवाय २०११ च्या विनियमांत, कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून वापरता येणार नाही, असे नमूद झाले. या दोन तरतुदींच्या बळावर जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने नव्याने बंदी घातली आणि ती आजवर दरवर्षी नव्या आदेशाने पुढे चालू ठेवली.

एक वर्षाची तात्पुरती बंदी पुन्हा पुन्हा घालून ती व्यवहारात कायमची करता येते का, हा प्रश्न इतर राज्यांतही न्यायालयांपुढे गेला. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ‘करता येत नाही’ असे म्हटले आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तेथील बंदी ग्राह्य ठरवली. हा घोळ मिटवणे संसदेच्या हातात आहे. कलम ३० मधील मुदतीची अट बदलणारी एक छोटी दुरुस्ती त्यासाठी पुरेशी ठरेल. अन्नभेसळ समवर्ती सूचीत असल्याने राज्यालाही स्वतःचा कायदा करून त्यास राष्ट्रपतींची अनुमती घेता येईल. दोन्ही वाटा खुल्या असताना दरवर्षीच्या आदेशावर समाधान मानणे हे सोयीचे राजकारण आहे, असे आमचे मत आहे. बंदीचे श्रेयही मिळते आणि तंबाखूच्या व्यापाराशी सभागृहात दोन हात करण्याची वेळही येत नाही.

टेम्पोबद्दल एवढेच, की आयुक्तांचा आदेश राज्याच्या हद्दीपर्यंत चालतो. महामार्गावर सीमेलगतच्या कोगनोळीपासून पुढे कर्नाटकाचे आयुक्त आणि त्यांचे आदेश लागू होतात, आणि ही हद्द आपल्या गावापासून किती जवळ आहे हे आपण जाणताच.

‘सोनोग्राफीला गेलेल्या प्रत्येक गरोदर बाईचा एवढा लांबलचक फॉर्म का भरून घेतात? बायका आम्हालाच विचारतात. हा कायदा देशाच्या आधी महाराष्ट्राने केला, असे प्रशिक्षणात सांगितले होते. ते खरे का?’ — आशा कार्यकर्ती, गडहिंग्लज तालुका

खरे आहे, आणि राज्याच्या आमदारांनी देशाच्या धोरणाला वळण दिल्याचे याहून स्पष्ट उदाहरण आरोग्याच्या क्षेत्रात क्वचितच सापडेल. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी गर्भलिंग तपासणीविरुद्ध मोहीम उभारली. तिच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या वापराचे नियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य होते. त्या कायद्याची मर्यादा गडहिंग्लजच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको: शेजारचे संकेश्वर कर्नाटकात आहे, आणि महाराष्ट्राचा कायदा तेथे लागू नव्हता. १९९४ मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला आणि तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. तरीही तो बराच काळ कागदावरच राहिला. पुण्याची ‘मासूम’ व मुंबईची ‘सेहत’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, न्यायालयाने अंमलबजावणीचे आदेश दिले, आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही या कायद्याखाली आली.

आता फॉर्मविषयी. आपण ज्याला ‘एफ फॉर्म’ म्हणतो, त्यात गरोदर स्त्रीचे नाव व वय, आधीची अपत्ये व त्यांचे लिंग, कोणत्या डॉक्टरांनी पाठवले, कोणत्या वैद्यकीय कारणासाठी तपासणी केली आणि काय आढळले, हे नोंदवावे लागते. गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नसल्याचे स्त्रीचे आणि ते कोणत्याही प्रकारे सांगितले नसल्याचे डॉक्टरांचे प्रतिज्ञापनही त्यातच असते. लिंग कानात सांगितले जाते. त्याला साक्षीदार नसतो आणि पुरावा उरत नाही. म्हणून कायदा करणाऱ्यांनी गुन्ह्याच्या जागी नोंदीला हात घातला. नोंदीतील उणीव किंवा चूक हीच, उलट सिद्ध होईपर्यंत, कायद्याचा भंग मानली जाईल, असे कलम ४ मध्ये लिहिले गेले. लेखनिकाच्या चुकीसाठी डॉक्टरला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे आहे, अशी तक्रार स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात केली होती. मे २०१९ मध्ये न्यायालयाने ती अमान्य केली. डॉक्टरांच्या तक्रारीत काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. तरीही हे कलम काढले, तर या कायद्यात धरण्यासारखे फारसे काही उरणार नाही.

या कायद्याच्या इतिहासात कोल्हापूरचे नाव आहे, आणि त्याचे कारण अभिमानाचे नव्हते. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८३९ मुली होत्या. तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी ‘सेव्ह द बेबी गर्ल’ हा उपक्रम सुरू केला. एफ फॉर्म ऑनलाइन भरणे आणि सोनोग्राफी यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारे उपकरण बसवणे, हे त्याचे दोन भाग होते. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने जिल्हाधिकाऱ्यांच्या २०११ मधील परिपत्रकांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. रुग्णाच्या खासगीपणाचा भंग होतो आणि असे उपकरण कायद्यात सांगितलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने ही याचिका फेटाळली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचे प्रमाण ८६३ आले. ही वाढ या उपक्रमामुळेच झाली असे म्हणता येणार नाही, कारण उपक्रम सुरू होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता.

आपल्याला बायका विचारतील तेव्हा इतके सांगावे, की हा फॉर्म त्यांच्यावर संशय घेण्यासाठी नाही. या कायद्यात दबावाखाली तपासणी करून घेणाऱ्या स्त्रीला दोषी धरलेले नाही; उलट तिच्यावर पतीने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली, असेच गृहीत धरले जाते.

‘माझ्याकडे पाच लाखांच्या मोफत उपचाराचे कार्ड आहे, पण योजनेतील रुग्णालयाने खाट नाही म्हणून परत पाठवले. उपचार हा माझा कायदेशीर हक्क आहे की नाही? राजस्थानात तसा कायदा झाला म्हणतात.’ — यंत्रमाग कामगार, इचलकरंजी

आपले कार्ड कायद्याने नव्हे, शासन निर्णयाने मिळालेले आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. सर्व कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने झाला. शासन निर्णय मंत्रालयातून निघतो. तो सभागृहात मताला जात नाही आणि दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो. विधिमंडळाचा या योजनेशी संबंध येतो तो दरवर्षीच्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी पैसे मंजूर करताना. या झटपटपणाचा फायदाही आहे: कायद्याची वाट पाहिली असती, तर कदाचित आजही पाहत बसलो असतो. तोटा मात्र आपण अनुभवलात. नकार मिळाल्यावर दाखवायला कलम नसते.

राजस्थान विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्य हक्क विधेयक मंजूर केले, हे खरे आहे. तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार मिळण्याचा हक्क त्यात आहे. खासगी डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले, कारण या उपचाराची भरपाई कोण आणि केव्हा करणार, याची त्यांना खात्री वाटत नव्हती. सरकारने तडजोड केली, पण कायद्याखालील नियम बराच काळ झालेच नाहीत. आरोग्य हक्काची मागणी करणाऱ्यांनी हा अनुभव नीट पाहावा. हक्काचे कलम मंजूर करून घेणे हा सोपा भाग आहे. भरपाईचा निधी, ‘तातडीचा प्रसंग’ याची व्याख्या आणि नियम करण्याची मुदत त्याच कायद्यात लिहून घेणे अवघड.

कायदा नसला तरी आपण अगदीच मोकळ्या हातांचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये अपघातग्रस्तांवर तातडीने उपचार करणे प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक ठरवले. १९९६ मध्ये, रेल्वेतून पडलेल्या आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलेल्या पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या खटल्यात, वेळेवर उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१ चा भंग असल्याचे सांगून पंचवीस हजार रुपयांची भरपाई दिली. नकार मिळाल्यास रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठावे आणि नकाराचे कारण, दिवस आणि वेळ लेखी मागावी. योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.

‘आम्ही उपचाराला बेळगावला जातो. तेथे तक्रार असेल तर महाराष्ट्रातील कायदा चालतो का?’ — शेतकरी, चंदगड

नाही. बेळगावातील खासगी रुग्णालयाला कर्नाटकाचा खासगी वैद्यकीय आस्थापना अधिनियम, २००७ लागू होतो आणि तक्रारही तेथील जिल्हा प्राधिकरणाकडे करावी लागते. सेवेतील त्रुटीबद्दलची ग्राहक तक्रार मात्र २०१९ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरच्या ग्राहक आयोगात, दाखल करता येते. बिलाची पावती जपून ठेवावी.

‘नीट परीक्षा नको असेल तर राज्य ती रद्द करू शकते का? आणि डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा राज्याचा की केंद्राचा?’ — वैद्यकीय विद्यार्थिनी, कोल्हापूर

वैद्यकीय शिक्षण १९७६ पर्यंत राज्याचा विषय होते. ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले, आणि नीट परीक्षा आज राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ मध्ये आहे. तमिळनाडू विधानसभेने नीटमधून सूट देणारे विधेयक २०२१ मध्ये आणि राज्यपालांनी ते परत केल्यावर २०२२ मध्ये पुन्हा मंजूर केले. केंद्रीय कायद्याशी विसंगत असल्याने त्यास राष्ट्रपतींची अनुमती हवी होती, आणि ती मिळाली नाही. संसदेतील वाट अधिक परिणामकारक ठरू शकते, हे याच आयोगाच्या कायद्यात दिसले. २०१७ च्या मूळ विधेयकात आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी इत्यादी) डॉक्टरांना जोड-अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधे देण्याची मुभा होती. मार्च २०१८ मध्ये आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने तो अभ्यासक्रम अनिवार्य नसावा असे सुचवले, आणि २०१९ च्या कायद्यात तो राहिला नाही. समितीच्या बैठकीची बातमी होत नाही, पण विधेयकातील शब्द तेथे बदलतात.

हल्ल्यांबाबत महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. साथरोग अधिनियमात २०२० मध्ये आलेल्या अधिक कडक शिक्षा साथीच्या काळापुरत्याच आहेत.

‘सरकारी रुग्णालयात डॉक्टर औषधे चिठ्ठीवर लिहून बाहेरून आणायला सांगतात. आमदारांनी यावर स्वतःचे विधेयक आणावे, असे निवेदन आम्ही देणार आहोत. उपयोग होईल का?’ — सामाजिक कार्यकर्ते, शिरोळ

निवेदन द्यावे, पण विधेयकाचा आग्रह धरू नये. मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेल्या विधेयकाला अशासकीय विधेयक म्हणतात. संसदेत १९५२ पासून अशी फक्त १४ विधेयके कायदा बनली आणि त्यांतील शेवटचे १९७० चे आहे. ज्या विधेयकाने राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल, ते राज्यपालांच्या शिफारशीविना मंजूर करता येत नाही, असे अनुच्छेद २०७ सांगतो. आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. मोफत औषधांच्या विधेयकाला खर्च लागणारच.

शिवाय औषधखरेदीबाबत कायदा झालेला आहे. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करणारा कायदा विधिमंडळाने २०२३ मध्ये केला. त्यामुळे आता मागणी अंमलबजावणीचा हिशेब विचारण्याची असायला हवी, आणि त्यासाठी तारांकित प्रश्न (ज्याला सभागृहात तोंडी उत्तर मिळते), लक्षवेधी सूचना (तातडीच्या बाबीकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी), पुरवणी मागण्यांवरील (वर्षाच्या मध्ये मागितलेल्या वाढीव खर्चावरील) चर्चा आणि कपात सूचना (मागितलेल्या रकमेत कपात सुचवणारी) ही आमदारांची खरी आयुधे आहेत. आमदार निधीतून रुग्णवाहिका मिळते आणि तिच्यावर ठळक अक्षरांत नावही येते. तिच्या चालकाचे पद मात्र विभागाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेत, मंजूर व्हावे लागते, आणि ते काम सभागृहातच होते.

प्रश्न देण्याआधी रुग्णालय कोणाच्या अखत्यारीत आहे हे तपासावे. कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असल्याने वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाची आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते आणि शहरातील सावित्रीबाई फुले रुग्णालय महापालिका. चुकीच्या मंत्र्याला विचारलेला प्रश्न योग्य मंत्र्याकडे जाईपर्यंत अधिवेशन संपते.

प्रश्नाची भाषाही ठरलेली असते. ‘अमुक रुग्णालयात अमुक महिन्यांत रुग्णांना बाहेरून औषधे आणावी लागली, हे खरे आहे काय, असल्यास, मागणी केलेल्या औषधांपैकी किती प्राधिकरणाकडून प्राप्त झाली, प्राप्त न झालेल्या औषधांची स्थानिक खरेदी का केली नाही, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ अशा क्रमाने आमदारांना मसुदा द्यावा आणि त्यासोबत तारखेसह चिठ्ठ्यांच्या प्रती जोडाव्यात. रुग्णाचे नाव झाकावे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर आले, की पुढचे सर्व भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’ या शब्दांत निकालात निघतात. ते टाळण्यासाठी या प्रती लागतात. उत्तरात मंत्र्यांनी ‘कार्यवाही करण्यात येईल’ असे म्हटले, तर ते सभागृहातील आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. पुढच्या अधिवेशनात तिच्याकडे विचारणा करण्याची विनंती आमदारांना त्याच निवेदनात करून ठेवावी.